दहा मिनिटं थांबा

२०२० साल होतं ते. मी बासष्ट वर्षांची होते आणि बसस्थानकावरच्या बायकांच्या संडासाची चावी माझ्या कमरेला होती. अकरा वर्षं मी ते काम करत आले होते. कुणी विचारलं, काय करता, तर मी सरळ सांगायचे आणि समोरच्याचा चेहरा बघत राहायचे. कुणी घाईने विषय बदलायचं, कुणी नकळत अर्धं पाऊल मागे सरकायचं. मला त्याची गंमत वाटायची.

संडास म्हणजे एक लांबट खोली. आत दोन कमोड, दोन्हींना पत्र्याची दारं, बाहेरच्या बाजूला एक बेसिन, वर छताजवळ एक खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा एक पंखा. हा पंखा थापटी मारल्याशिवाय चालू व्हायचा नाही आणि थापटी नेमकी कुठे मारायची ते मलाच ठाऊक होतं. दाराबाहेर माझं टेबल-खुर्ची. प्रवासी बायका यायच्याच, पण माझी खरी माणसं म्हणजे बसवरच्या बायका. एकतीस कंडक्टर आणि दोन ड्रायव्हर. सासू, मुलं, गुडघेदुखी, सगळं त्या बेसिनपाशी उभ्या राहून बोलायच्या. हात धुवायला एक मिनिट आणि बोलायला पाच. कुणाच्या घरात काय शिजतंय हे मला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळायचं.

त्या एकतिसांतली एक माझी नणंद. तिला सगळे बारकी म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ती चार वर्षांची होती. ती सहा वर्षांची असताना सासूबाई गेल्या आणि तेव्हापासून ती माझीच. लहानपणापासून तिला दमा. छाती भरून आली की तिचा श्वास शिटीसारखा वाजायचा. मी उशांचा ढीग करून तिला बसवायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि मनात आकडे मोजत राहायचे. मोठी झाली तसा दमा मागे पडला, पण गेला नाही. शर्टाच्या खिशात एका बाजूला तिकिटांचं मशीन आणि दुसऱ्या बाजूला तोंडात फवारा मारायचा तो पंप, असा तिचा एकोणीस वर्षांचा संसार. लग्न नाही केलं. एकाला तिने नाही म्हटलं, एकाने तिला, आणि तिसऱ्याची वाट बघायला तिला फुरसत नव्हती.

साथ आली आणि ती श्वासाची आहे हे कळलं, तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. बारकीला ती होता कामा नये. बाकी कुणाचं, अगदी माझंसुद्धा, काय व्हायचं ते होवो. दवाखान्यात, पाणीपुरवठ्यात, सफाईत काम करणाऱ्यांसाठी बस चालूच राहणार होत्या. तिला ऑफिसात बसून काम द्या म्हणून मी डेपो मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या भरल्यात. आणि बारकी घरी येऊन माझ्यावरच उखडली. नऊ वर्षांत तिला एकदा तरी धाप लागलेली बघितली का, असं मलाच विचारलं.

उलट तिने आपला बिछाना उचलला आणि गच्चीवरच्या खोलीत मुक्काम हलवला. ती दिवसभर माणसांत फिरणार, आणि तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, सत्तरीचा, त्यातून साखर. त्याला काही होऊ नये म्हणून हे. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर ताट ठेवायचे. पहाटे उकळून गार केलेल्या पाण्याची दोन लिटरची बाटली भरून ठेवायचे. संध्याकाळी रिकामी बाटली परत यायची. ती वरच्या पायरीवर, मी खालच्या, दोघी मास्क लावून दोन शब्द बोलायचो.

आमचे हे डेपोच्याच वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायची सवय. एप्रिलमध्ये एक दिवस त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, की फ्लश केला की पाण्याचे बारीक कण उडतात आणि हवेत तरंगत राहतात, त्यात रोगाचे जंतू असू शकतात. मी विचारलं, किती वेळ तरंगतात? ते म्हणाले, एकेक जण एकेक सांगतोय. मी म्हटलं, तरी? म्हणाले, काही मिनिटं धर. मी दहा धरली.

असा झाला तो नियम. कुठल्या शास्त्रज्ञाने केला नाही की सरकारने काढला नाही. मी माझ्या स्वयंपाकघरात, हातात पळी धरून केला.

दुसऱ्या दिवसापासून मी खोलीचा ताबा घेतला. दोनपैकी एका कमोडचं दार चिकटपट्टी लावून बंद. एका वेळी एकच बाई आत. ती बाहेर आली की दार लावायचं, पंखा सुरू, आणि दहा मिनिटं कुणी आत जायचं नाही. येणारीने आपल्याच पेनाने वहीत नाव आणि वेळ लिहायची, म्हणजे उद्या कुणी आजारी पडलं तर शोधता येईल. यांनी मोडीत निघालेल्या बसचं क्लच पेडल आणून बेसिनखाली बसवलं. पायाने दाबलं की नळ चालू, हाताचा स्पर्शच नाही. टेबलावर मी स्वयंपाकघरातलं घड्याळ ठेवलं आणि दारावर पाटी लावली. यांनी लाल रंगात, टपोऱ्या अक्षरांत रंगवलेली: दहा मिनिटं थांबा.

मॅनेजर येऊन बघून गेला. त्याला आवडलं, पण जाताना त्याने दमही भरला. इथून एक जरी केस निघाली तर तो कुलूप ठोकणार होता, मग बायकांनी कुठे जायचं हे त्याला विचारायचं नाही.

कंडक्टरांमध्ये एक होती, ताडमाड उंच, तिला आम्ही लंबूताई म्हणायचो. जीभ तिच्या उंचीला शोभेल अशी. पहिल्याच दिवशी वहीत नाव लिहिताना म्हणाली, "मावशी, हा संडास आहे की व्हिसाचं ऑफिस? उद्या दोन फोटोही आणायला सांगाल." सगळ्या हसल्या. मीही हसले.

चार-पाच दिवसांनी बारकी आली. जवळजवळ पळतच आली, तिकिटांची पिशवी मांडीवर आपटत. नुकतीच एक नर्स बाहेर पडली होती. घड्याळात तीन मिनिटं झाली होती. मी हात आडवा केला.

"सात मिनिटं थांब."

"वहिनी, माझी बस लागलीय गं."

मागे जमिनीवर रंगवलेल्या गोलांमध्ये लंबूताई आणि आणखी दोघी उभ्या होत्या. तिघींचे डोळे आमच्याकडे. मला वाटलं, आत्ता हिला सोडलं तर या म्हणतील, घरच्यांना वेगळा न्याय. आणि खरं कारण तर त्याहून मोठं होतं. तीन मिनिटांपूर्वी तिथे दवाखान्यातली नर्स बसून गेली होती. त्या हवेत बारकीला मी कशी पाठवणार? मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "घरची म्हणून सवलत नाही."

बारकीने माझ्याकडे बघितलं. मास्कच्या वर तिचे डोळे बारीक झाले, ती हसली असं मला वाटलं. आणि वळून गेली. पुढच्या फेरीला येईल, मी म्हटलं. संध्याकाळी मी यांना सगळं रंगवून सांगितलं, की कशी उलट एक शब्द न बोलता नियम पाळून गेली. ते म्हणाले, अगं, बहीण कुणाची आहे.

त्या दिवसांत मी अगदी डोळ्यांत तेल घालून बसायचे. माझ्या खुर्चीवरून स्थानकाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या बस दिसायच्या. पूर्वी फेरी संपली की बस पंधरा मिनिटं थांबायची. आता पंचवीस-तीस मिनिटं उभ्या दिसायच्या. पाठीवर पंप लावलेली माणसं आत जाऊन औषध फवारायची. मी म्हणायचे, बरं झालं, बायांना टेकायला वेळ मिळतोय. लांबून सगळ्या सारख्याच दिसायच्या. टोपी, मास्क, डोळ्यांवर ती प्लास्टिकची काच. दाराशी येणाऱ्याही तशाच झाकलेल्या, आणि माझं लक्ष घड्याळाकडे. त्यात बारकी कोणती, ओळखू यायची नाही.

वहीतली नावं कमी होत गेली. एप्रिलमध्ये दिवसाला चाळीसच्या वर, जूनमध्ये वीस-बावीस. रोज संध्याकाळी मी पानाच्या तळाशी बेरीज मांडायचे आणि मॅनेजरला दाखवायचे, की बघा, गर्दी किती आटोक्यात आणली. पुरुषांच्या बाजूला सहा जण आजारी पडले, माझ्याकडे एकही नाही. मॅनेजरने एक छापील कागद माझ्या दारावर चिकटवला: आदर्श स्वच्छतागृह. मी त्याच्यावर प्लास्टिक लावलं, खराब होऊ नये म्हणून.

चौदा जुलैला, मंगळवारी सकाळी, लंबूताईचा फोन आला. बारकी बसमध्ये पडली होती. तिकीट फाडता फाडता दोन सीटांच्या मध्ये कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि दात एकमेकांवर आपटत होते. ताप म्हटल्यावर प्रवाशांनी बस थांबायची वाट बघितली नाही, मिळेल त्या दाराने उड्या टाकल्या. मी पोचले तोवर पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी तिला अँब्युलन्समध्ये चढवलं होतं. दार बंद होताना मला तिच्या बुटांचे तळ तेवढे दिसले.

त्याच दुपारी मॅनेजरने माझ्या खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. आदर्शचा कागद उपटून काढला. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

पुढचे दोन दिवस तिच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत मी घरात एकाच खुर्चीवर बसून होते. दवाखान्यात कुणाला सोडत नव्हते. माझं एकच चाललं होतं, मी चुकले कुठे? कधी दहाऐवजी नऊच मिनिटं धरली का? पंखा कधी बंद पडला आणि मला कळलंच नाही का? कडी पुसायची राहिली का? हे खोलीत येरझारा घालत होते आणि दर फेरीला म्हणत होते, तुझ्याकडून होणार नाही, बसमध्येच लागला असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. डॉक्टरीणबाई होत्या, आवाजावरून तरुण. म्हणाल्या, तपासणी निगेटिव्ह आहे, दोनदा केली, साथीचा आजार नाही.

मी खाली जमिनीवरच बसले. रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. पण पलीकडून त्या थांबा, थांबा म्हणत होत्या. तब्येत चांगली नव्हती. लघवीच्या मार्गात जंतू वाढले होते, ते मूत्रपिंडापर्यंत चढले होते आणि तिथून रक्तात पसरले होते. रक्तदाब टिकत नव्हता. येत्या दोन दिवसांत काय होईल ते सांगता येत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "काकू, ड्यूटीवर असताना त्या दिवसातून किती वेळा लघवीला जातात? पाणी किती पितात?"

त्याही वेळी मी ताठ मानेने उत्तर दिलं, हे मला आज लिहितानाही सहन होत नाही. म्हटलं, पाणी दोन लिटर, बाटली मीच भरते, रोज रिकामी येते. आणि जाण्याचं म्हणाल, तर तिथला संडास माझ्याच ताब्यात आहे, तिथे काही कमी नाही.

त्यांनी 'दोन लिटर' पुन्हा म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, "एकदा नीट बघून सांगाल का? कारण त्यांचं शरीर काही वेगळंच सांगतंय."

वह्या घरीच होत्या, मी रोज पिशवीतून आणायचे. टेबलावर ठेवून मी त्या उघडल्या. बारकीचं अक्षर मी हजारात ओळखेन, मीच तिचा हात धरून गिरवून घेतलेलं, उजवीकडे कललेलं. जुलैच्या पानांवर ते नव्हतं. मला वाटलं, घाईत पान सुटलं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. नव्हतं. जून. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून गेले. नव्हतं. मे. नव्हतं.

एकोणीस एप्रिल, सकाळी सहा पन्नास. ते शेवटचं. ड्यूटी सुरू व्हायच्या आधीचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला दारातून परत पाठवलं होतं.

शहाऐंशी दिवस.

हे काहीतरी विचारत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण मला ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा पानं उलटायला लागले, आता दुसरी नावं शोधायला. लंबूताई आठवड्यातून एकदा. एक ड्रायव्हर महिन्यातून दोनदा. बाकीच्या कुणी नाहीतच. ती वीस-बावीस नावं सगळी नर्सांची, सफाईवाल्यांची, प्रवासी बायकांची. तेहतीस जणींपैकी शेवटच्या पानावर एक होती. तीन महिने मी रोज संध्याकाळी त्या पानांखाली बेरीज मांडली, आणि वरची नावं एकदाही वाचली नाहीत.

यांच्यापुढे मी वही सरकवली. त्यांनी बघितलं, चष्मा काढला आणि हातात धरून बसून राहिले.

आणि मला तिची शाळा आठवली. त्या शाळेत मुलींना जायला जागाच नव्हती. सात वर्षांची बारकी दिवसभर धरून ठेवायची आणि शाळा सुटली की जिवाच्या आकांताने पळत घरी यायची. तिला कडी वाजवायची वेळ येऊ नये म्हणून मी पाच मिनिटं आधीपासून दार सताड उघडून उभी राहायचे. ती दप्तर माझ्या अंगावर फेकून आत धावायची. दार उघडून उभी राहणारी ती बाई मीच होते, हे मला त्या टेबलाशी बसून खरं वाटेना.

मी तशीच डेपोत गेले. लंबूताई शेडखाली बाकावर एकटी बसली होती. मी लांबूनच विचारलं, तुम्ही बायका जाता कुठे?

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण ती अगदी शांतपणे बोलली. एप्रिलपासून दोन फेऱ्यांच्या मधला वेळ पंधरावरून आठ मिनिटांवर आणला होता. गाडीत निम्मीच माणसं बसवायची म्हणून फेऱ्या वाढवल्या होत्या. नोटीस कंट्रोल केबिनमध्ये लावली होती, तिकडे मी कधी फिरकत नाही.

मी म्हटलं, "आठ कसली? मी रोज बघते, बस अर्धा अर्धा तास उभी असते."

"बस उभी असते, मावशी. आम्ही नसतो."

मला कळेना. मग तिने सांगितलं. फवारलेली बस सुकायला अर्धा तास लागतो. कंडक्टर-ड्रायव्हर तोवर थांबत नाहीत. ते मागच्या दाराने उतरतात, वर्कशॉपच्या मागे फवारून तयार ठेवलेल्या दुसऱ्या बसमध्ये चढतात आणि निघतात. मी तीन महिने रिकाम्या बसकडे बघून बायांना विश्रांती मिळतेय म्हणून समाधान मानत होते. वर्कशॉपपासून माझ्या दारापर्यंत यायला दोन मिनिटं, परत जायला दोन. उरली चार. आणि माझ्या दारात दहा.

मी म्हटलं, एका शब्दाने तरी बोलायचं मला.

"बोलले की पहिल्या दिवशी. तुम्ही हसलात," ती म्हणाली. "आणि तुम्ही बारकीलाच परत पाठवलंत. मग आम्ही कोण?"

पुढचं तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. पहाटे पाचनंतर कुणी घोटभर पाणी पीत नव्हतं. तोंड कोरडं पडलं तर लिंबाची गोळी चघळायची. चौघींना जळजळ होत होती, दोघींनी घरी कुणाला सांगितलंही नव्हतं. आणि तिघी-चौघी म्हाताऱ्या माणसांसाठी मिळतात ते डायपर घालून ड्यूटीला येत होत्या. त्यातली एक तर ड्रायव्हर.

"आणि बाटली?" मी विचारलं. "बारकीची बाटली रोज रिकामी येते."

"त्या पाण्याने ती हात धुते. दर फेरीला. उरलं तर माझ्याही हातावर ओतते."

त्यानंतर मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नियम माझा, पाटी माझी, आणि आडवा केलेला हातही माझाच. वाटलं होतं, त्या फटकारतील. त्या म्हणाल्या, आता कळलं, औषध त्याच दिशेने चालू आहे. मग मीच त्यांना विचारलं की नियम कसा असायला हवा होता. त्यांनी घाईत नसल्यासारखं समजावून सांगितलं. खिडकी आणि पंखा दिवसभर चालू ठेवायचा, नुसता दहा मिनिटं नाही. आत मास्क काढायचा नाही. फ्लश करण्याआधी कमोडचं झाकण पाडायचं, म्हणजे उडायचं ते तिथेच राहतं. बाहेर आल्यावर साबणाने हात चोळून धुवायचे, तोवर चेहऱ्याला हात लावायचा नाही. आणि रेंगाळायचं नाही. आत कुणी येऊन गेलं त्यापेक्षा बेसिनपाशी खेटून गप्पा मारणाऱ्या दोघींना धोका जास्त. दोन्ही कमोड उघडे ठेवा, म्हणाल्या, रांगच होऊ देऊ नका. काळजी घ्यायची ती जाताना, जायचं टाळून नाही.

झाकण. आमच्या दोन्ही कमोडांना झाकणं होती. कुणी पाडत नसे म्हणून मी ती वर्षापूर्वीच काढून माळ्यावर टाकली होती, पुसायचं काम वाचावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी निकालाचा कागद घेऊन मी मॅनेजरपुढे उभी राहिले. तो म्हणाला, नियम तुमचाच होता ना, मावशी? मी म्हटलं, माझाच होता, म्हणून काढायलाही मीच आले. त्याने वेळापत्रक आपल्या हातात नाही, वरून येतं, वगैरे सांगितलं. कुलूप मात्र आणखी दोन दिवसांनी निघालं, तेही माझ्या बोलण्याने नव्हे. दवाखान्यातल्या नर्सांनी वरती तक्रार केली तेव्हा. यांनी झाकणं बसवून दिली. पाटी मी स्वतः उतरवली. पंखा बंदच करायचा नाही म्हटल्यावर थापटीचं कामही संपलं. एक गोष्ट आम्ही गुपचूप केली. वर्कशॉपमागच्या टाइमकीपरला लंबूताईने गाठलं, आणि कुणी संडासाला गेली असेल तर तिची बस तो चार-पाच मिनिटं उशिरा सोडायला लागला. कागदावर ते कधीच आलं नाही.

बारकीचे ते दोन दिवस चार झाले. पाचव्या दिवशी रक्तदाब स्थिर झाला आणि एका नर्सने तिच्यापुढे फोन धरला. पडद्यावर तिचा चेहरा दिसला. पन्नाशीही न गाठलेली माझी बारकी, सासूबाई शेवटी दिसत होत्या तशी दिसत होती. मी इतकंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तिने नर्सला फोन आणखी जवळ धरायला सांगितलं.

"त्या दिवशी तू दादाला सांगत होतीस ना," ती म्हणाली. "मी जिन्यात होते. घरची असून कशी नियम पाळून गेली, उलट एक शब्द बोलली नाही. किती कौतुकाने सांगत होतीस. मग म्हटलं, चालवून घेऊ थोडे दिवस."

तेवढ्यात नर्सने फोन बाजूला घेतला.

बावीस दिवसांनी ती घरी आली. डावं मूत्रपिंड जवळजवळ निकामी झालं होतं. ती पुन्हा बसवर गेली नाही.

त्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते सांगते. मॅनेजर दुसऱ्या वर्षी बढती घेऊन दुसऱ्या डेपोत गेला, आणि जाताना मला भेटून गेला. तो दुष्ट माणूस नव्हता. डॉक्टरीणबाईंचा चेहरा मी कधीच बघितला नाही. भेटायला गेले तेव्हा त्या परदेशी गेल्या होत्या. ती डायपर घालून बस चालवणारी ड्रायव्हर मात्र नोकरी सोडून भावाच्या दुकानात बसते, आणि मला रस्त्यात भेटली तर ओळख दाखवते, थांबत नाही. लंबूताई युनियनच्या निवडणुकीला उभी राहिली आणि निवडून आली. मॅनेजमेंटच्या बैठकीत बायकांच्या संडासाचा विषय तिने इतक्यांदा काढला की लोक तिला दुसऱ्याच नावाने ओळखायला लागले. ते नाव ती स्वतःच हसत सांगते. आता निवृत्त झाली आहे.

आमचे हे त्या जुलैनंतर दोन वर्षांनी गेले. दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता मान कलली. साथीने नाही, साखरेने. त्या नियमाबद्दल ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण वही बघितली त्या दिवसानंतर त्यांनी मला मोठ्याने काही वाचून दाखवणं बंद केलं.

मी साथीच्या पुढच्याच वर्षी चावी एका तरुण विधवेच्या हातात दिली. तिला सगळं शिकवलं आणि शेवटी सांगितलं, बेरीज नंतर कर, आधी नावं वाच.

बारकीला ऑफिसात खुर्ची मिळाली, वेळापत्रक विभागात. तिथे तिने तीन वर्षं खटपट करून चार मार्गांवर एका फेरीनंतर वीस मिनिटं मिळवली. बाकीच्या मार्गांवर अजून आठच आहेत. ती आता माझ्याबरोबर खालीच राहते, आणि गच्चीवरच्या खोलीत आम्ही अडगळ ठेवली आहे. उजवं मूत्रपिंड ठीक चाललंय. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. ती मला नको येऊस म्हणते. मी जाते, आणि तिचा नंबर येईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहते.